आखूड काठी

पुथिला बोलायला लागली तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता! ती चालायला लागली नाही, हे मात्र बरेच दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही. पोरीचं तोंडच असं चालायचं, की पाय चालत नाहीत हे ध्यानात यायला वेळ लागला. ती अंगणभर रांगायची आणि कोंबड्यांना शिव्या घालायची. त्या शिव्या आजोबांनी शिकवलेल्या, म्हणजे साध्यासुध्या नव्हेत. तिची आई मिर्तो कपाळावर हात मारून म्हणायची, "अहो मामंजी, काय हे शिकवता पोरीला!" त्यावर म्हातारा काफिसोन काठी आपटून म्हणायचा, "मग काय देवाची गाणी शिकवू? कोंबड्या काय गाण्याला दाद देणारेत?"

हा काफिसोन एकेकाळी तळ्यातला बोरू कापून पाव्याच्या जिभा बनवायचा. आता बोटं वाकडी झाली होती, गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. नातीवर त्याचा जीव. काठी बाजूला टाकून तो तिच्यासाठी घोडा व्हायचा. दोघं चार-चार पायांवर अंगणात, पुढे आजोबा, मागे नात, आणि दोघांच्या तोंडी त्या शिव्या.

असंच एकदा चाललं असताना सुईण लाम्प्रो तेल घेऊन दारात आली आणि जागच्या जागी थिजली. "ऊठ काफ्या! ऊठ आधी! कोणी बघितलं म्हणजे?" म्हणत तिने म्हाताऱ्याचं बखोट धरून त्याला उभं केलं, हातात काठी कोंबली. मिर्तो धावत बाहेर आली. लाम्प्रो रस्त्याकडे बघत होती. काफिसोन हसत होता, पण त्यानेही एकदा रस्त्याकडे पाहून घेतलं.

मग लाम्प्रोने पुथिलाला मांडीवर घेतलं, पायांना तेल चोळलं. उजवा पाय चोळला, डावा चोळला, परत डावा चोळला. बोलबोल बोलणारी बाई, पण त्या दिवशी गप्प. जाताना दारात थांबून एवढंच विचारलं, "ही दुसरी सुगी ना हिची?"

"हो," मिर्तो म्हणाली.

"देमेतरमाय आहे," लाम्प्रोने कणसांच्या देवीचं नाव घेतलं आणि तेलाची बुधली तिथेच विसरून गेली.

दुसऱ्या कुठल्या गावात रांगणारं पोर म्हणजे रांगणारं पोर. आज ना उद्या उभं राहील, नाही राहिलं तर बसून खाईल, लोक 'बिचारं' म्हणतील. आमच्या गावात तसं नाही. आमचं गाव फिकिओन डोंगराच्या पायथ्याशी. तीच ती डोंगरवाली, सिंहाच्या अंगाची, बाईच्या तोंडाची, वरच्या कड्यावर बसून वाटसरूंना कोडं घालायची आणि चुकलेल्याला खायची. सकाळी चार पायांवर, दुपारी दोन पायांवर, संध्याकाळी तीन पायांवर चालतं, असं कोण? शेवटी कोणा परक्याने उत्तर दिलं: माणूस. लहानपणी रांगतो, मोठेपणी चालतो, म्हातारपणी काठी धरतो. उत्तर बरोबर निघालं आणि तिने कड्यावरून उडी घेतली.

थीब्ज शहरातले लोक हे कोडं जेवणानंतर दारू पिता पिता घालतात आणि हसतात. त्यांचं काय जातंय? डोंगर त्यांच्या परसात नाही. आमच्याकडे कोणी हसत नाही. आमचे बापजादे सांगत आलेत, की ती मेली ती उत्तर खरं होतं म्हणून. जोवर उत्तर खरं आहे तोवर ती खाली दगडांत पडून आहे. ज्या दिवशी उत्तर खोटं पाडणारं कोणी गावात नांदेल, त्या दिवशी ती उठेल. जे पोर सकाळनंतर दुपारी दोन पायांवर येत नाही ते उत्तर खोटं पाडतं. म्हणून ते तिचं. दुसरी सुगी झाली की खळ्यावर पोरांना उभं करायचं, आईपासून मधल्या मेढीच्या खांबापर्यंत चालवायचं. जे चालत नाही त्याला मडक्यात बसवून कड्याखालच्या खडकावर ठेवायचं. मारायचं नाही हं! आम्ही काय राक्षस आहोत? फक्त ठेवायचं आणि मागे न बघता यायचं.

त्याला आमच्यात 'उत्तर राखणं' म्हणतात. किती छान शब्द आहे बघा.

मिर्तो तळ्यापलीकडच्या कोपाई गावची. लग्न ठरवताना तिला गावच्या तळ्यातल्या मोठमोठ्या वामी, म्हणजे सापासारखे मासे, सांगितले होते, उत्तम बोरू सांगितला होता, उत्तर राखण्याचं कोणी सांगितलं नव्हतं. ते तिला कळलं चांभाराच्या बायकोकडून. त्या बाईचा मुलगा वर खडकावर ठेवलेला होता. ती अजून रोज एक छोटी जवाची भाकरी वेगळी थापायची आणि संध्याकाळी कुत्र्याला घालायची. कुत्रा गलेलठ्ठ झाला होता. गावात त्याला कोणी हाकलत नसे.

लाम्प्रो तेल चोळून गेली त्या दिवसापासून मिर्तोने दुसरं काही केलं नाही. परसात वाळूचा खड्डा करून पुथिलाला त्यात कमरेपर्यंत उभं पुरलं. बोरूचा कठडा बांधला. पायांना गरम तेल, गरम राख, गरम दारूची पट्टी. पुथिला कठडा धरून क्षणभर उभी राही, "आई बघ!" म्हणे आणि डावा पाय दुमडून बदकन पडे. पडून हसे. डावा पाय काडीएवढा होता, कितीही तेल पाजा.

कधी कधी पोर आजोबांच्या काठीला धरून उठायचा प्रयत्न करी. काठी तिच्या दुप्पट उंच, वर हात पुरत नसे, आणि काठीसकट ती आडवी होई. "आबाचा पाय द्या," ती म्हणे. काठीला ती आबाचा पाय म्हणायची. काफिसोन तेवढ्या वेळी चेष्टा करत नसे. भिंतीला टेकून तो तिच्याकडे बघत बसे.

सुगी आली. थिओमेनेस दारावर जवाच्या लोंब्यांचं तोरण बांधायला आला. गावातला सगळ्यात मोठा माणूस, खळ्यावर हुकूम त्याचा. ज्या घरी दुसऱ्या सुगीचं पोर, त्या दारावर तोरण, अशी रीत. माणूस वाईट नव्हता, तेच तर वाईट. त्याने पुथिलाच्या डोक्यावरून हात फिरवला, तिने त्याला एक सणसणीत शिवी हासडली, तो हसलासुद्धा.

"उद्या न्हाऊमाखू घाल पोरीला," तो मिर्तोला म्हणाला. "पांढरं नेसव."

"ती चालेल," मिर्तो म्हणाली.

"चालली तर चांगलंच की गं! मीच पहिली दारू ओतीन." तो तोरणाची गाठ ओढत राहिला. "कुंभाराला एक मोठं मडकं भाजून ठेवायला सांगितलंय. लागेलच असं काही नाही. तयारी असावी म्हणून."

आतून काफिसोनचा आवाज आला, "थिओमेन्या, तुझ्या पायाला काय झालंय रे? लंगडतोस."

"वय झालं, काफिसोन. गुडघा धरतो."

"काठी घे, काठी. अजून दुपारच चाललीये असं नाटक किती दिवस करशील? गावाला वाटेल सूर्यच अडलाय."

थिओमेनेस हसत गेला. तोरण मात्र गच्च बांधून गेला.

मिर्तोचा नवरा एम्पेडोन परसात बोरू सोलत बसला होता. सकाळपासून तो तेच करत होता. गरजेपेक्षा चौपट बोरू सोलून झाला होता.

"आपण जाऊ या," मिर्तो म्हणाली. "कोपाईला. आत्ता. माझा भाऊ ठेवून घेईल."

"आणि ती उठली तर?"

"कोण ती? कोणी पाहिलीये तिला?"

"हळू बोल!" त्याने डोंगराकडे पाहिलं. डोंगर जिथल्या तिथे होता, वर एक ढग नाही. "सगळं गाव आहे, मिर्तो. लेकरंबाळं आहेत सगळ्यांची. एकासाठी..."

"एक म्हणजे तुमची पोर आहे! नाव तुम्ही ठेवलंत तिचं. पाचव्या दिवशी चुलीभोवती उचलून तुम्ही पळालात, म्हणालात ही माझी. तेव्हा का नाही म्हणालात, चालली तर माझी?"

तो बोरू सोलत राहिला. त्याच्या हाताला बोरूची धार लागून रक्त येत होतं. त्याचं त्याला भानही नव्हतं. मिर्तोला त्याची दया आली आणि त्या दयेचाच राग आला. तिने पुथिलाला पाठीला बांधलं आणि ती भर उन्हात एकटी तळ्याकडे निघाली.

धक्क्यावर कोपाईची होडी लागलेली होती. वामी विकायला आलेला होडीवाला तिच्या माहेरच्या गल्लीतला, लहानपणी तिच्याबरोबर चिखलात खेळलेला. मिर्तोला वाटलं, सुटलो. ती एक पाय होडीत टाकणार तोच त्याने वल्हं आडवं धरलं.

"तुला एकटीला नेतो, मिर्ते. पाठीवरचं ओझं खाली ठेव."

"ओझं? अरे, पोर आहे माझी!"

"दारावर तोरण लागलंय तिच्या. तुमच्या गावात येऊनजाऊन इथली तोरणं मलाही माहीत झालीत. तळं खोल आहे, होडी हलकी आहे. मला घरी चार पोरं आहेत. मला माफ कर."

"वामी," पुथिला पाठीवरून ओरडली. टोपलीत वामी वळवळत होत्या. "आई, बघ, त्यांना तर एकपण पाय नाही!"

होडीवाल्याने धसकून टोपलीवर गोणपाट टाकलं. मिर्तोने त्याला मनात येतील ते शिव्याशाप दिले, अगदी मामंजींच्या तोडीचे. मग रडत रडत परत आली. वाटेत शेतांतून माणसं काम थांबवून बघत होती. कोणी अडवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुठे गेली होती आणि हेही ठाऊक होतं, की ती परत येणार.

काफिसोन दाराशी उन्हात बसला होता. "नाही म्हणाला ना?"

मिर्तोने मान डोलावली.

"मग रडून घे. उद्या रडायला वेळ नाही." त्याने काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. रानटी ऑलिव्हची काठी होती ती, त्याच्या बापाने तोडून दिलेली, मूठ हाताने घासून घासून काळी झालेली. "सूनबाई, एक सांगतो ते ऐक. उद्या पोरीला पोटभर दूध पाज आणि खळ्यावर ये. मी काय करीन ते बघ. पण काही झालं तरी मला हाक मारायची नाही. तू नाही आणि एम्पेडोननेही नाही. कबूल?"

"काय करणार आहात तुम्ही?"

"कबूल का ते सांग."

"कबूल," मिर्तो म्हणाली. पोरीसाठी ती त्या घडीला कशालाही कबूल म्हणाली असती.

सकाळी घरामागून करवतीचा आवाज येत होता. मिर्तोला वाटलं, नवरा बोरूची मोळी सारखी करतोय. ती पोरीला न्हाऊ घालत होती, मागे जाऊन बघायचं तिला सुचलं नाही.

खळ्यावर सगळं गाव जमलं होतं. मध्ये मेढ, मेढीला कणसांची जुडी. खळ्याच्या कडेला, कोणी मुद्दाम बघू नये अशा जागी, पण सगळ्यांना दिसेल असं, ते नवं मडकं. पावेवाले वाजवत होते. पोरं एकेक करून सोडली. कोणी धावलं, कोणी धडपडून उठलं, कोणी मेढ सोडून भलतीकडेच गेलं, लोक हसले, थिओमेनेसने प्रत्येकाच्या नावाने दारू ओतली. मग त्याने मिर्तोकडे पाहिलं. पावे आपोआप थांबले.

मिर्तोने पुथिलाला खाली ठेवलं. पांढऱ्या कपड्यात ती दोन हात नि दोन गुडघे टेकून तिथेच राहिली आणि एवढी माणसं बघून खूश झाली.

"आबा कुठाय?" तिने विचारलं.

गर्दी बाजूला झाली. काफिसोन एम्पेडोनच्या खांद्याला धरून येत होता. त्याच्या हातात काठी नव्हती. म्हणजे होती, पण ती काठी म्हाताऱ्याच्या कमरेलाही पोचत नव्हती. मूठ तीच, काळी, घासलेली. खाली ताजा पांढरा काप. त्याने वाकून ती पुथिलाच्या हातात दिली.

"घे गं, आबाचा पाय."

पोरीने मूठ धरली. या वेळी ती तिच्या हाताला बरोबर आली. तिने काठी रोवली, उजवा पाय रोवला, काडीसारखा डावा मागून ओढला आणि उभी राहिली. टक्. मग पाय. टक्. मग पाय. मेढीपर्यंत ती गेली, कणसांची जुडी ओढली, वळून म्हणाली, "आई बघ!"

मिर्तोला वाटलं आपली छाती फुटेल आता. ती धावणार होती. पण लोकांचे चेहरे तिने पाहिले आणि तिचे पाय जागीच थबकले. कोणी हसत नव्हतं. चांभाराच्या बायकोने तोंडात पदर कोंबला होता.

"तीन," थिओमेनेस म्हणाला. "तीन पाय. काफिसोन, हे काय केलंस? तीन पाय संध्याकाळचे. हिची तर सकाळ आहे. हे नुसतं रांगण्यापेक्षा वाईट झालं."

"का रे? संध्याकाळ कितव्या वर्षी होते ते कोड्यात सांगितलंय का? आकाश भरलं की दुपारीच अंधारून येतं. पोरगी चार पायांवर होती, आता तीनवर आहे. चालतेय ना? मधली दुपार ढगात गेली म्हण."

"आपल्या मनाने अर्थ लावायचा नाही! उत्तर खोटं पडतं. काहीतरी तिला द्यावंच लागेल."

"द्यावं लागेल हे मलाही कळतं, थिओमेन्या. तुझ्याएवढाच या गावचा आहे मी." काफिसोनने मुलाच्या खांद्यावरचा हात काढला. "माझी संध्याकाळ मी हिला दिली. आता माझ्याकडे काठी नाही. मग मी कसा चालू, सांग बरं?"

आणि तो खाली वाकला. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग दोन्ही हात. सगळ्या गावासमोर, भर दुपारी, पांढऱ्या दाढीचा माणूस चार पायांवर.

बाया किंचाळल्या. आयांनी पोरांचे डोळे झाकले. असं आमच्या गावात कधीच कोणी पाहिलं नव्हतं. म्हातारा अंथरुणाला खिळला तर चालतं, कोडं रात्रीबद्दल काही बोलत नाही. पण संध्याकाळी चार पाय, म्हणजे उत्तराच्या तोंडावरच थुंकणं.

"आता सांग," काफिसोन खालून म्हणाला, "या खळ्यावर उत्तर खोटं पाडणारं कोण आहे? ती पोरगी, की मी? बघ नीट. ती उभी आहे."

थिओमेनेसने मान फिरवली. तो मडक्याकडे बघत होता. सगळेच बघत होते.

"ते राहू दे," काफिसोन म्हणाला. "मला लहान पडेल. मी तसाच जातो."

तो डोंगराच्या वाटेला लागला. हात पुढे, गुडघा पुढे. दगडांनी तळवे सोलत होते ते दिसत होतं. लोकांनी वाट दिली. आणि मिर्तोने त्यांच्या चेहऱ्यांवर जे पाहिलं ते ती पुढे जन्मभर विसरली नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. डोंगराला द्यायला कोणीतरी मिळालं होतं, आणि ते पोर नव्हतं.

"बाबा!" एम्पेडोनच्या तोंडून अर्धवट निघालं. मिर्तोने त्याचं मनगट धरलं. असं धरलं, की नखं आत रुतली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. एक हाक मारली असती, म्हातारा थांबला असता, उठला असता, आणि मडकं तिथेच होतं. तिला रडू येत होतं, लाज वाटत होती, आणि आतून कुठेतरी ती आनंदाने वेडी झाली होती. त्या आनंदाची लाज तर विचारूच नका.

"घोडा!" पुथिला मेढीपासून ओरडली. "आबा घोडा झाले! थांबा आबा, मी येते!" आणि काठी टेकत, टक् टक् करत ती त्याच्या मागे निघाली. मिर्तोने धावत जाऊन तिला उचललं. पोर हात पसरून शिव्या देत रडू लागली, त्याच शिव्या, ज्या त्याने शिकवल्या होत्या. वाटेवर काफिसोन एकदा थांबला. त्याचे खांदे हलले. तो हसला की रडला हे मागून कळलं नाही. तो वळला नाही. वळायचं नाही अशी रीतच आहे.

त्यानंतर आमच्या गावात मडकं लागलं नाही. लोक म्हणतात, काफिसोनने गावावर दया केली. असेल. पण त्या सुगीनंतर ज्या घरात पोर उशिरा उभं राहील, त्या घरातले लोक पोराकडे न बघता कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे बघायला लागले. म्हातारी माणसं काठी उशाशी घेऊन झोपायला लागली. काही वर्षांनी थिओमेनेसचाच नातू उभा राहीना. ज्याने एवढी तोरणं बांधली त्याला खळ्यावर दोघांनी धरून आणलं. तो खाली वाकायला तयार नव्हता, लहान पोरासारखा रडत होता. सूनच त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "अण्णा, चला ना, ऊन वाढतंय." आणि तो गेला.

पुथिला मोठी झाली. उंचीप्रमाणे काठ्या बदलल्या, ती आखूड काठी दारामागे खुंटीला टांगलेली राहिली. पोरगी जिभेने आजोबावर गेली, कामाला वाघीण. एका पायाने नि काठीने तळ्यात उतरून ती धडधाकट माणसांपेक्षा जास्त बोरू कापायची. लग्न झालं, नवरा घरजावई आला, एम्पेडोन त्याच्या मरणाने गेला. मुलगा झाला, त्याचं नाव काफिसोन ठेवलं. मिर्तो तोवर तीन पायांवर आली होती.

छोटा काफिसोन छान रांगायचा. पहिली सुगी झाली, दुसरी आली. लाम्प्रोची मुलगी तेल घेऊन आली, पाय चोळले, परत चोळले आणि गप्प झाली. कोणीतरी येऊन दारावर तोरण बांधून गेलं.

तोरण बांधल्यापासून मिर्तो वाट बघत होती. कोणी काही विचारेल, कोणी काही म्हणेल. पुथिला घरात वावरत होती, भाकरी वाढत होती, तिच्या नजरेला नजर देत नव्हती. जी पोर जन्मात कधी गप्प बसली नाही, ती गप्प होती. ती काय करतेय हे मिर्तोला बरोबर कळत होतं. डोळ्यांनी ती आईच्या काठीचं माप घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिर्तो उठली आणि तिने कोपऱ्याकडे हात नेला. काठी जागेवर नव्हती. परसातून करवतीचा आवाज आला, थांबला, परत आला, परत थांबला.

तिच्या अंगात अशी आग उठली! माझी पोर! हिच्यासाठी मी माझ्या नवऱ्याची हाक अडवली, हिच्यासाठी मी एका माणसाला रांगत जाताना बघत राहिले, आणि ही मला न विचारता... मग तिला नवऱ्याचं ते मनगट आठवलं, नखांखालचं. त्याला तरी तिने विचारलं होतं? नव्हतं. आणि म्हाताऱ्याला तरी ती 'नको' म्हणाली होती का?

भिंत धरत, दार धरत ती मागे गेली. पुथिला जमिनीवर बसली होती. मांडीवर आईची काठी, हातात करवत. काठीवर कोळशाने खूण केलेली, तिच्याखाली करवतीचा नुसता एक ओरखडा. पुथिलाचे डोळे रडून सुजले होते. आईला पाहिल्यावर तिने काठी लपवायचा प्रयत्न केला, पण एवढी लांब काठी लपवणार कुठे? शेजारी तिचा मुलगा दोन हात नि दोन गुडघे टेकून भुसा उडवत खेळत होता.

मिर्तो भिंतीला टेकत हळूहळू खाली बसली. काठीचं दुसरं टोक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं, म्हणजे हलणार नाही.

"इथे नको कापू," ती म्हणाली. "आणखी चार बोटं घे. हा तेव्हाच्या तुझ्यापेक्षा बुटका आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि उद्या मला हाक मारायची नाही. कबूल?"

पुथिलाने मान डोलावली आणि करवत चालवायला घेतली.